हायब्रिड गाडी: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली तीन वर्षं मी पुण्यात मध्यम आकाराची स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही चालवतोय, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. रोज कोथरूड ते हिंजवडी, दीड-दोन महिन्यांतून एकदा चिपळूण, शिवाय अधूनमधून नागपूर. मीटरवर 48 हजार किलोमीटर झालेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत लोक मला जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतलेत. सगळ्यांची उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण काही गोष्टी एका ओळीत संपतात आणि काहींसाठी बसून हिशेब करावा लागतो.

ही गाडी चार्जिंगला लावावी लागते का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. आपल्याकडे मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या हायब्रिड गाड्यांना, म्हणजे टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, होंडा सिटी यांच्या हायब्रिड मॉडेलना, चार्जिंगची पिनच नसते. तुम्ही फक्त पेट्रोल भरायचं. ब्रेक लावताना आणि उतारावर जी ऊर्जा एरवी ब्रेक पॅड तापवण्यात जाते, तिची वीज करून गाडी बॅटरीत साठवते. कमी पडली तर इंजिन चालवून भर घालते.

बॅटरी किती मोठी, हे कळलं की बरेच गैरसमज दूर होतात. हायरायडर आणि ग्रँड विटाराची बॅटरी 0.76 युनिटची आहे. महावितरणच्या बिलावर जो एक युनिट असतो, त्याहूनही कमी. त्यातलाही मधलाच भाग गाडी वापरते. म्हणून निव्वळ विजेवर सलग दीड-दोन किलोमीटर जाता येतं, मग इंजिन सुरू होतं. ही बॅटरी गल्ल्यासारखी आहे. दिवसभर पैसे आत-बाहेर होत राहतात, फार काही साठत नाही.

माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँग हायब्रिड यांत काय फरक?

माइल्डमध्ये छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पटकन सुरू करते, पण ती एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँगमध्ये इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर गाडी चालते. शोरूममध्ये सेल्समन दोन्हींना 'हायब्रिड'च म्हणतो, त्यामुळे थेट विचारा: "इंजिन बंद असताना गाडी पुढे जाते का?" टेस्ट ड्राइव्हला पार्किंगमधून निघतानाच उत्तर मिळेल. ग्रँड विटारात एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले गेलेत, म्हणून तिथे जास्त जपा.

आत नेमकं काय चालतं? क्लच-गिअर काहीच नाही म्हणतात.

टोयोटाची पद्धत 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या प्रियसपासून मुळात तीच आहे. एक इंजिन, दोन मोटरी आणि त्यांना जोडणारा ग्रहमालेसारखा गिअरसंच. मधला गिअर पहिल्या मोटरला, त्याभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांची चौकट इंजिनाला आणि बाहेरचं कडं दुसऱ्या मोटरला आणि चाकांना जोडलेलं. पहिल्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकं यांचं गुणोत्तर आपोआप बदलतं. त्यामुळे क्लच नाही, पट्टा नाही, गिअर बदलणं नाही. वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटरही नाही, ती कामंसुद्धा या मोटरीच करतात. नावात 'सीव्हीटी' (गिअर न बदलता गुणोत्तर सलग बदलणारी पद्धत) असलं तरी पट्ट्यावर चालणाऱ्या नेहमीच्या सीव्हीटीशी याचा काही संबंध नाही.

2022 मध्ये आलेल्या होंडा सिटी हायब्रिडची तऱ्हा वेगळी. शहरात इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटरच ओढते. हायवेच्या वेगाला एक क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं.

दोन्हीकडे इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं, पण खालच्या वेगाला ताकद कमी पडते. ती उणीव मोटर भरून काढते. मला या जोडीचं खरोखर कौतुक वाटतं. एकाची कमजोरी जिथे, तिथेच दुसऱ्याचा जोर.

खरं ॲव्हरेज किती?

हायरायडर आणि ग्रँड विटारा हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला 27.97 किलोमीटर आहे. हा आकडा येतो चाचणीतून. आमच्या कोथरूडजवळच्या ज्या टेकडीला अख्खं पुणं 'एआरएआयची टेकडी' म्हणतं, तिथली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया याच कामासाठी ओळखली जाते. चाचणीत गाडी रोलरवर ठरावीक वेगाने चालवतात, एसी बंद असतो. चाचणी खोटी नसते, पण तिच्यात आपला गर्दीने तुंबलेला भूमकर चौक नसतो.

माझे आकडे टाकी फुल ते टाकी फुल पद्धतीचे आहेत. दर वेळी वहीत लिहितो, स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबत नाही. एसी लावून शहरात 21 ते 22. हायवेला 100 च्या वेगाने 18.5 ते 19. पावसाळ्यात, रस्ता तुंबलेला आणि हवा गार असताना, 24 पर्यंत.

पेट्रोल गाडीच्या बरोबर उलटं आहे हे. भूमकर चौकात संध्याकाळी सात वाजता गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असते. इंजिन बंद, एसीचा कॉम्प्रेसर विजेवरचा असल्याने तो सुरूच. स्क्रीनवर बॅटरीच्या पट्ट्या सहावरून हळूहळू दोनवर येतात, मग इंजिन हलकेच जागं होतं, चार-पाच मिनिटं चालतं, पुन्हा झोपतं. शेजारच्या गाड्यांची इंजिनं तासभर जळत असतात, आपलं त्यातला थोडाच वेळ. हायवेला मात्र ब्रेक लागत नाही, म्हणजे परत मिळवण्यासारखं काही उरत नाही, आणि हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो.

सगळ्यात वाईट ॲव्हरेज कुठे मिळतं? घर ते भाजी मंडई, दोन किलोमीटर, थंड इंजिन. गाडीला इंजिन आणि सायलेन्सरमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवावाच लागतो, त्यामुळे गरज नसतानाही इंजिन चालतं. नुसत्या अशा फेऱ्यांच्या आठवड्यात मला 14-15 मिळालंय. तुमचं रोजचं चालवणं एवढंच असेल, तर ही गाडी घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

जास्तीचे पैसे कधी वसूल होतात?

समजा त्याच गाडीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा हायब्रिड अडीच लाखांनी महाग आहे आणि पेट्रोल 105 रुपये लिटर. शहरात पेट्रोल ऑटोमॅटिकला 13 आणि हायब्रिडला 21 धरा. महिन्याला 1,000 किलोमीटरला पहिलीला सुमारे 77 लिटर लागतात, दुसरीला सुमारे 48. वाचले 29 लिटर, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. अडीच लाख फिटायला पावणेसात वर्षं लागतील. महिन्याला 2,000 किलोमीटर असतील तर जवळपास साडेतीन वर्षं.

आता फक्त हायवेवाल्याचा हिशेब. पेट्रोलला 17, हायब्रिडला 19. महिन्याच्या हजार किलोमीटरला सहा लिटर वाचतात, साडेसहाशे रुपये. अडीच लाख फिटायला 32 वर्षं! म्हणजे साताऱ्याहून आठवड्यातून एकदा मुंबईला जाणाऱ्याने निव्वळ पैशासाठी हायब्रिड घेण्यात अर्थ नाही.

म्हणून शोरूमला जायच्या आधी महिनाभर आपल्या सध्याच्या गाडीचे किलोमीटर लिहा, शहराचे वेगळे, हायवेचे वेगळे. आमच्या सासऱ्यांनी असं लिहिलं आणि साधी पेट्रोल गाडी घेतली. त्यांचं महिन्याचं चालवणं साडेतीनशे किलोमीटर भरलं. तो निर्णय बरोबरच होता. शांत गाडी, सिग्नलला न थरथरणं, एका टाकीत लांब पल्ला हे सुख वेगळं आहे, पण ते पैशाच्या हिशेबात मिसळू नका.

हिरवी नंबरप्लेट, टोलमाफी, करात सवलत यांतलं काय मिळतं?

महाराष्ट्रात यांतलं काहीही मिळत नाही. नंबरप्लेट पांढरी. अटल सेतूवर 2025 च्या ऑगस्टपासून टोलमाफी आहे ती पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांना. रोड टॅक्सही पेट्रोल गाडीसारखाच लागतो. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा आपल्याकडेही होईल अशी आशा होती.

जीएसटीमध्ये थोडा फरक पडला. 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या हायब्रिडवर सेससकटचा 43 टक्के कर जाऊन 40 टक्के झाला. इलेक्ट्रिकवर 5 टक्केच आहे. शहरातल्या गर्दीत निम्मा वेळ इंजिन बंद ठेवणाऱ्या गाडीला 40 टक्के, हे मला आजही पटत नाही.

बॅटरी किती वर्षं टिकते? बदलायची वेळ आली तर?

हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी आहे, यातलं जे आधी होईल ते. गाडी बॅटरीला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, त्यामुळे मोबाइलच्या बॅटरीसारखी ती दोन वर्षांत मान टाकत नाही.

तिचा खरा शत्रू उष्णता. अशा बॅटरीला गार ठेवायला पंखा असतो आणि तो केबिनमधली हवा ओढतो. माझ्या गाडीत मागच्या सीटच्या बाजूला खाली त्याची जाळी आहे. मे महिन्यात चिपळूणहून येताना डिकीत न मावलेली आंब्याची पेटी मी त्या जाळीला अगदी टेकवून ठेवली होती, वर आईची शाल. कुंभार्ली घाट चढताना मागून घुर्र असा आवाज यायला लागला. आधी वाटलं टायर. थांबून पाहिलं तर पंखा पूर्ण जोरात. पेटी हलवली, शाल काढली, आणि दहा मिनिटांत आवाज बसला. तेव्हापासून त्या जाळीपुढे वीतभर जागा मोकळी ठेवतो.

जाळीच्या मागे फिल्टर असतो, तो साफ करायला हवा. एका सर्व्हिस सेंटरने सलग दोन सर्व्हिसिंगला बिलावर 'बॅटरी फिल्टर साफ केला' असं लिहून दिलं. तिसऱ्या वेळी मी समोर उभा राहून उघडायला लावला, तर धुळीचा नमदा बसलेला. कुत्रं पाळलं असेल किंवा रोजचा रस्ता कच्चा असेल तर हे काम स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घ्या.

घाटात कशी चालवायची?

चढताना काही विशेष नाही. इंजिन मोठ्याने ओरडतं, एकाच सुरात ओरडतं, आणि गिअर बदलण्याची सवय असलेल्या कानाला ते खटकतं. तीन सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज जरा खरखरीत असतो. गाडीला काही झालेलं नसतं.

उतरताना मात्र समजून घ्यायला हवं. पहिल्यांदा खंडाळ्याचा घाट उतरत होतो. निम्म्या वाटेत इंजिन एकदम गर्जायला लागलं. बायको दचकली, "अरे, तू रेस दिलीस का?" माझा पाय ब्रेकवर होता.

झालं असं होतं. लोणावळा ते खोपोली उतार साधारण 550 मीटरचा. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन 1,600 किलो. एवढं वजन एवढं खाली आणताना कागदावर सुमारे 2.4 युनिट ऊर्जा सुटते. हवेचा आणि टायरचा विरोध वजा केला तरी उरते ती पाऊण युनिटच्या बॅटरीत मावणं शक्य नाही. बॅटरी भरली की मोटर आणखी वीज घेऊ शकत नाही. मग गाडी जास्तीची वीज वापरून इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न जाळता. ते इंजिन ब्रेकिंग असतं. आवाज घाबरवणारा, पण ब्रेक वाचवणारा.

टोयोटाच्या पद्धतीच्या गाड्यांत लिव्हरवर 'बी' असतं, हे इंजिन ब्रेकिंग वाढवण्यासाठी. लांब, तीव्र उतारावर ते लावा: आंबेनळी, वरंधा, ताम्हिणी. सपाटीवर लावू नका, ॲव्हरेज कमी होतं. होंडा सिटीमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने वीज ओढण्याचा जोर कमी-जास्त करता येतो.

पावसात शॉक लागेल का? पाण्यातून नेली तर?

उच्च दाबाच्या केबली नारिंगी रंगाच्या असतात, बंदिस्त असतात, आणि कुठे गळती जाणवली किंवा एअरबॅग उघडली की गाडी तो पुरवठा स्वतः तोडते. त्या केबलींना गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका, जादा हॉर्न किंवा लाइट बसवणाऱ्याला तर मुळीच नाही.

पाण्याची भीती खरी आहे, पण वेगळ्या कारणाने. पाण्यात शिरताना इंजिन बंद असतं, मनाला धीर येतो, आणि मधोमध गाडी स्वतःच्या मर्जीने इंजिन सुरू करते. एअर इनटेकपर्यंत पाणी पोचलं असेल तर ते थेट सिलिंडरमध्ये. चाकाच्या निम्म्यापेक्षा वर पाणी दिसलं तर परत फिरा. विमा घेताना इंजिन संरक्षणाच्या कलमात हायब्रिड बॅटरी आणि मोटर येतात का, हे लेखी विचारून घ्या.

महिनाभर उभी राहिली तर सुरू होईल का?

कदाचित नाही, आणि दोष मोठ्या बॅटरीचा नसेल. गाडीचे कॉम्प्युटर जागे करायला नेहमीची 12 व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म. मी दिवाळीला तीन आठवडे नागपूरला रेल्वेने गेलो, आलो तर दारही रिमोटने उघडेना. आता बाहेर जाताना शेजाऱ्यांना किल्ली देऊन जातो. आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी' दिवा (गाडी चालायला तयार असल्याची डॅशबोर्डवरची खूण) लावून ठेवतात, मोकळ्या जागेत, कारण इंजिन मधेच चालू होतं. नुसतं 'ऑन' करून ठेवलं तर उलट ती बॅटरी लवकर उतरते.

दुसऱ्या गाडीकडून करंट घेऊन हायब्रिड सुरू करता येते, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच केबल लावून. हायब्रिडमधून दुसऱ्या गाडीला मात्र करंट देऊ नका.

सर्व्हिसिंग महाग पडतं का?

माझ्या अनुभवात पेट्रोल ऑटोमॅटिकइतकंच. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, जाडसर घालून फायदा नाही. इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणाऱ्या यंत्राचं) कूलंट इंजिनाच्या कूलंटपेक्षा वेगळं असतं, ते तपासायला सांगा. ब्रेक पॅड फार टिकतात. 48 हजारांनंतरही माझे पहिलेच आहेत. पण कमी वापरामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो, म्हणून अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक दाबावा.

डिकी एवढी लहान का? सीएनजी बसवता येईल का?

बॅटरी मागे असते म्हणून. साध्या ग्रँड विटारात 373 लिटर जागा आहे, हायब्रिडमध्ये 265. होंडा सिटीची 506 वरून 306 वर येते. दोन मोठ्या बॅगा घेऊन शोरूमला जा आणि घालून बघा. बाहेरून सीएनजी किट बसवू नका, वॉरंटी गेलीच म्हणून समजा.

ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने काही होतं का?

एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग ई-20 सोसतील असेच असतात. ॲव्हरेज मात्र घटतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-20 मध्ये सहा-सात टक्के कमी. जुन्या नोंदींशी ताडून पाहताना हे लक्षात ठेवा.

बंद पडली तर टो करून नेता येते का?

पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. अख्खी गाडी वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा, आणि फोनवर 'हायब्रिड आहे' हे आधी सांगा.

घरातल्या दुसऱ्या कुणाला किंवा ड्रायव्हरला गाडी देताना काय सांगायचं?

सिग्नलला न्यूट्रलमध्ये टाकू नको, हे पहिलं. जुन्या ड्रायव्हरांचा हात आपोआप तिकडे जातो. न्यूट्रलमध्ये इंजिन बॅटरी भरू शकत नाही, एसी चालूच, आणि लांब ट्रॅफिकमध्ये बॅटरी तळाला जाते. 'डी'मध्ये ठेवून ब्रेकवर पाय, बस.

ब्रेक लवकर आणि हलका लावायचा, हे दुसरं. लांबून हळूहळू लावलेला ब्रेक वीज देतो, शेवटच्या क्षणी कचकन दाबलेला पॅड झिजवतो.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, असं धरायचं नाही. बाबांनी एकदा गाडी पार्किंगला लावली आणि बंद केली असं समजून उतरायला लागले. 'रेडी' दिवा तसाच, लिव्हर 'डी'मध्ये. गाडी पुढे सरकली आणि खांबापासून हातभर अंतरावर थांबली, कारण त्यांचा पाय अजून आत होता. आता आमच्या घरी उतरण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने म्हणायच्या असतात: पी, हँडब्रेक, दिवा गेला. बाबा आजही म्हणतात, शेजारी कुणी बसलेलं नसलं तरी.